लेस्टर ते म्युनिक, एक खोकं गोडा मसाला: ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपात माल कसा पाठवायचा

२०२१ च्या फेब्रुवारीत मी म्युनिकच्या एका ताईंना बारा किलोचं खोकं पाठवलं. गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, हळद, मेतकूट. त्याआधी दोन वर्षं असंच चाललेलं, लेस्टरमध्ये लेबल चिकटवायचं, कुरियरवाला उचलून न्यायचा आणि तीन-चार दिवसांत ताईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचा, मिळालं म्हणून. या वेळी खोकं एकोणीस दिवसांनी माझ्याच दारात परत. एका कोपऱ्यातून मेतकूट सांडलेलं, चटणीची दोन पाकिटं कापून बघितलेली, आणि वर माझ्याच मालावर मलाच व्हॅट भरायची चिठ्ठी.

झालं काय होतं, तर ब्रिटनने युरोपियन युनियन (ईयू) सोडलं ३१ जानेवारी २०२० ला पण जुने नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तसेच ठेवले होते, त्यामुळे खरा दणका बसला १ जानेवारी २०२१ पासून. पेपरात सगळीकडे "ब्रिटन-ईयू करार झाला, शून्य टॅरिफ" असं होतं आणि मी निवांत. शून्य टॅरिफ म्हणजे फक्त ड्युटी, म्हणजे आयात शुल्क, शून्य, तीसुद्धा अटीत बसलात तर. कस्टम्सचं डिक्लरेशन, तिकडचा व्हॅट, खाण्याच्या मालाचे नियम, हे सगळं त्या दिवशी नव्याने सुरू झालं आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर हे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये बसून घरून किंवा छोट्या युनिटमधून धंदा करणाऱ्यांसाठी. नॉर्दर्न आयर्लंडची कथा वेगळी आहे, ती खाली सातव्या पायरीत. नियम बदलत राहतात, म्हणून पाठवायच्या आठवड्यात सरकारी साइट एकदा बघाच.

१. आधी ईओआरआय नंबर काढा

हा कस्टम्ससाठी धंद्याचा ओळख नंबर, याशिवाय धंद्याचा माल हलत नाही. सरकारी साइटवर फुकट मिळतो, सुरुवातीला जीबी आणि पुढे आकडे. पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्या बऱ्याच साइट आहेत, दिसायला सरकारीच वाटतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि एक लक्षात ठेवा, हा नंबर ब्रिटनच्या बाजूचा. ईयूच्या आत माल घेणारा जो आयातदार असेल त्याला ईयूतल्या एखाद्या देशाचा ईओआरआय लागतो, तुमचा जीबीवाला तिथे चालत नाही.

खाण्याचं काही बनवत असाल तर कौन्सिलकडे फूड बिझनेस म्हणून नोंदणी हवी, धंदा सुरू करायच्या २८ दिवस आधी, तीही फुकट. हे ब्रेक्झिटच्या आधीपासून आहे, पण "घरीच तर करतो" म्हणून न केलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत.

२. प्रत्येक वस्तूचा कमोडिटी कोड शोधा

कस्टम्स वस्तू ओळखतं ती या नंबरावरून. पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात, ब्रिटनमधून एक्स्पोर्टला आठ लागतात आणि ईयूत आयात करताना दहा. हळद ०९१० ३० मध्ये येते, पापड १९०५ ९० मध्ये. गंमत मिश्रणांची आहे. अख्खा मसाला एका कोडमध्ये, तोच दळून दुसऱ्यात मिसळला की दुसरा कोड, आणि कोड बदलला की ड्युटी बदलते. गोड्या मसाल्यावर मी तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी खात्री होईना तर एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, ॲडव्हान्स टॅरिफ रूलिंग (कोड कुठला याचा लेखी निर्णय) मागता येतं, फुकट असतं आणि तीन वर्षं चालतं. ते ब्रिटनमध्येच बंधनकारक, पण ईयूतल्या कस्टम्स एजंटाशी बोलताना हातात काहीतरी असतं.

मालाचं वर्णन धड लिहा. नुसतं "मसाला" किंवा "फूड आयटम" लिहिलं की खोकं बाजूला काढलं जातं. मी लिहिते "भाजून दळलेल्या मसाल्यांचं मिश्रण, धने, तीळ, सुकं खोबरं असलेलं, २०० ग्रॅमची पाकिटं". दगडफूल इंग्रजीत लिहायची वेळ आली तेव्हा आमच्या एजंटाने फोन करून विचारलेलं की हे दगड आहे का फूल.

३. माल "कुठला" हे ठरवा. सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात

माल लेस्टरहून निघाला म्हणून तो ब्रिटिश होत नाही. हे वाक्य भिंतीवर चिकटवा.

ब्रिटन-ईयू करारातली शून्य ड्युटी फक्त ब्रिटिश किंवा ईयू ओरिजिनच्या मालाला आहे. माझी हळद सांगलीहून येते, इथे मी ती चाळते, पाकिटात भरते, माझं लेबल लावते, तरी कस्टम्सच्या लेखी ती भारतीयच. चाळणं, निवडणं, पाकिटं भरणं, लेबल लावणं, साधं मिसळणं, एवढ्यानं ओरिजिन बदलत नाही असं करारातच लिहिलंय. तयार पदार्थ, म्हणजे चकली वगैरे, इथे बनवले तर ब्रिटिश ठरू शकतात पण त्या-त्या कोडचा नियम उघडून वाचावा लागतो, काही कोडना बाहेरच्या मालाचं वजन किती टक्क्यांपर्यंत चालेल अशा अटी असतात. माझ्या मैत्रिणीला वाटलं चकली लेस्टरमध्ये तळली म्हणजे झालं. एजंटाने तिच्याकडे भाजणीचा हिशोब मागितला, कुठला तांदूळ, कुठली डाळ, किती ग्रॅम.

आता युक्तीची गोष्ट. ओरिजिनच्या भानगडीत पडायच्या आधी ईयूच्या टॅरिफमध्ये बघा की त्या वस्तूवर बाहेरच्या देशांसाठी साधी ड्युटी किती आहे. हळदीवर ती मुळात शून्यच आहे! मग "ब्रिटिश ओरिजिन" असं खोटं लिहून मिळवलं काय? काही नाही, उलट पकडले गेलात तर दंड. मी पहिले चार महिने प्रत्येक इनव्हॉइसवर "हा माल ब्रिटिश ओरिजिनचा आहे" असं ओरिजिनचं वाक्य कॉपी-पेस्ट करत होते कारण एका ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं, आणि मला वाटलं ते सगळ्यांनीच लिहायचं असतं. ते वाक्य म्हणजे तुमची सही असलेलं कबुलीपत्र आहे. खरंच ब्रिटिश ओरिजिन असेल तरच लिहा, त्यात तुमचा ईओआरआय टाका, आणि त्याचे पुरावे किमान चार वर्षं सांभाळा.

भारतातून कुर्ते, चादरी, भांडी आणून इथून ईयूत विकणाऱ्यांना तर डबल फटका बसतो, एकदा ब्रिटनमध्ये शिरताना ड्युटी आणि एकदा ईयूत शिरताना. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या तेव्हा बऱ्याच जणांनी मला विचारलं की आता सोपं होईल ना. भारतातून ब्रिटनमध्ये आणायला होईल. पण त्या कराराने भारतीय कुर्ता ब्रिटिश होत नाही, तो पुढे जर्मनीला गेला की तिथे भारतीय कुर्ता म्हणूनच मोजला जातो. ईयूचं गिऱ्हाईक मोठं असेल तर माल भारतातून थेट तिकडे पाठवा, मध्ये ब्रिटनमध्ये उतरवूच नका.

४. खायचा माल असेल तर तो आत जाऊ शकतो का ते बघा

दूध, तूप, खवा, मांस, अंडी असलेलं काहीही असेल तर थांबा. मटण, चीज, पेढे असं प्रवाशाने पिशवीतून किंवा घरगुती पार्सलमधून नेणं ब्रिटनहून बंद आहे. जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या बंदरावर ड्रायव्हरचं हॅमचं सँडविच काढून घेतलेला व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, तेव्हा लोक हसले, पण तो नियम खराच होता. धंद्याच्या मालात वनस्पतीचे घटक आणि दूध-तुपासारखे प्रक्रिया केलेले प्राणिजन्य घटक एकत्र आले की तो "कॉम्पोझिट प्रॉडक्ट" होतो, २१ एप्रिल २०२१ पासून त्यांचे नियम आणखी कडक झाले, आणि पदार्थ काय आहे त्यावर हेल्थ सर्टिफिकेट लागणार का आयातदाराचं सहीचं पत्र पुरणार हे ठरतं. मी डोकं लावणं सोडून दिलं. शंकरपाळ्यांतलं तूप काढलं, तेल घातलं. आईला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं बोललीच नाही. पण आता माझ्या ईयूच्या यादीत एकही दुधाचा पदार्थ नाही.

व्हेज आहे म्हणजे सुटलात असंही नाही. भारतातल्या काही वस्तूंवर ईयूची जादा तपासणी असते. तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं २०२० मध्ये गाजलं, तेव्हापासून तीळ, शिवाय शेंगदाणे आणि मिरची यांच्यावर त्यांचं बारीक लक्ष आहे. माल ब्रिटनमार्गे आला तरी तो भारतातलाच ना. २०१९/१७९३ क्रमांकाचं रेग्युलेशन आहे त्याची यादी दर काही महिन्यांनी बदलते, त्यात तुमची वस्तू आहे का बघा, असेल तर लॅबचा रिपोर्ट आणि आधी सूचना देणं वगैरे लागतं. गोड्या मसाल्यात तीळ, चटणीत शेंगदाणे आणि मिरची, म्हणजे आपण बरोबर त्यांच्या नजरेसमोरच उभे.

मग लेबल. ज्या देशात विकणार तिथली भाषा हवी. जर्मनीत जर्मन. ईयूतल्या आयातदाराचं नाव-पत्ता पाकिटावर हवा, फक्त लेस्टरचा पत्ता चालत नाही. आणि ॲलर्जन ठळक करा. त्यांच्या १४ ॲलर्जनच्या यादीत तीळ आहेत, शेंगदाणे आहेत आणि मोहरीसुद्धा आहे. मोहरी! आपल्या फोडणीतली. लोणच्यावर हमखास राहून जातं. आणखी एक छुपं म्हणजे हिंग, डबीतल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, मग तुमची "ग्लुटेन नाही" म्हणून मिरवलेली चटणी गेली.

२०२५ च्या मे महिन्यात ब्रिटन आणि ईयूने खाण्याच्या मालाच्या तपासण्या कमी करायचा करार करू असं जाहीर केलंय. तो प्रत्यक्ष लागू होईपर्यंत हेच नियम आहेत, बातमी वाचून खोकं भरू नका.

५. ऑर्डर घ्यायच्या आधी विचारा: तिकडे आयातदार कोण?

माझं खोकं परत आलं ते याच्यामुळे. मी पाठवलं होतं "डीएपी" पद्धतीने, म्हणजे माल दारापर्यंत मी पोचवणार पण व्हॅट आणि ड्युटी घेणाऱ्याने भरायची. हे मला माहीतही नव्हतं, कुरियरच्या फॉर्मवर तोच पर्याय आधीपासून टिक केलेला असतो. ताईंना दारात सांगितलं की व्हॅट भरा आणि वर कुरियरची हाताळणी फी भरा, ती फी व्हॅटपेक्षा जास्त. त्यांनी नाही म्हटलं. मीही नाहीच म्हटलं असतं.

तीन रस्ते आहेत.

एक, गिऱ्हाइकाला घरी छोटी पार्सलं पाठवणार असाल तर आयओएसएस, म्हणजे व्हॅट आधीच गोळा करून भरायची ईयूची योजना. १ जुलै २०२१ पासून २२ युरोखालच्या मालाची व्हॅटमाफी ईयूने काढून टाकली, आता पहिल्या युरोपासून व्हॅट. १५० युरोपर्यंतच्या पार्सलला आयओएसएसमध्ये नोंदणी करून तुम्ही ऑर्डर घेतानाच तिकडच्या दराने व्हॅट कापून घेता, जर्मनीत बऱ्याचशा खाण्याच्या मालाला ७ टक्के आणि इतर वस्तूंना साधारण १९, आणि दारात कुणी काही मागत नाही. पण ब्रिटनमधल्या धंद्याला त्यासाठी ईयूतला मध्यस्थ नेमावा लागतो आणि तो महिन्याचे पैसे घेतो. महिन्याला पाच-सहा पार्सलं जात असतील तर परवडत नाही, वही-पेन्सिल घेऊन बसा आणि मोजा. मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवरून विकलं तर तिथे व्हॅट तेच कापतात, त्यांचा आयओएसएस नंबर पार्सलच्या डेटामध्ये जातोय ना एवढं बघा, नाहीतर गिऱ्हाईक दोनदा भरतं. १५० युरोखाली ड्युटी माफ आहे असं सगळीकडे वाचाल, पण ती सूट काढायचं ईयूने ठरवलंय, तेव्हा जुन्या माहितीवर भाव ठरवू नका.

दोन, "डीडीपी", सगळे कर तुम्ही भरायचे. ऐकायला छान, पण मग ईयूत आयातदार तुम्हीच होता आणि तिकडचा ईओआरआय, व्हॅट नंबर, प्रतिनिधी अशी साखळी मागे लागते. काही कुरियर त्यांच्यामार्फत भरून घेतात, फी विचारून घ्या.

तीन, जे मी केलं. म्युनिकच्या एका किराणा दुकानदाराला आयातदार केलं. त्याच्याकडे तिकडचा ईओआरआय आहे, आयातीचा व्हॅट तो भरतो आणि त्याच्या रिटर्नमध्ये परत मिळवतो, लेबलवर त्याचा पत्ता. मी महिन्यातून एकदा एकत्र माल पाठवते आणि ताई त्याच्या दुकानातून घेतात. नफा कमी झाला, झोप वाढली. छोट्या धंद्याने हाच रस्ता धरावा असं माझं मत.

"गिफ्ट" लिहून पाठवा असं सांगणारे खूप भेटतील. गिफ्टची सवलत एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेल्या, ४५ युरोपर्यंतच्या वस्तूंना आहे. विकलेल्या मालावर गिफ्ट लिहिणं म्हणजे खोटं डिक्लरेशन, आणि खोक्यात तुमच्या ब्रँडची चाळीस सारखी पाकिटं बघून कोण मानणार ते गिफ्ट?

६. कागद जमवा

- कमर्शियल इनव्हॉइस: दोन्ही बाजूंची नावं-पत्ते, दोन्ही ईओआरआय, प्रत्येक वस्तूचं वर्णन, कोड, ओरिजिनचा देश, नग, निव्वळ आणि एकूण वजन, किंमत, चलन, आणि डीएपी का डीडीपी ते
- पॅकिंग लिस्ट, खोकी एकापेक्षा जास्त असतील तर
- ओरिजिनचं वाक्य, खरंच लागू असेल तर
- पोस्टाने पाठवत असाल तर सीएन२२ हा कस्टम्सचा फॉर्म, किंमत २७० पौंडांच्या वर असेल तर सीएन२३
- लॅब रिपोर्ट, सर्टिफिकेट, जे चौथ्या पायरीत निघालं असेल ते
- माल ब्रिटनबाहेर गेल्याचा पुरावा

शेवटचा विसरू नका. तुम्ही व्हॅटला नोंदलेले असाल तर एक्स्पोर्टवर शून्य दर लावता येतो, पण माल गेल्याचा पुरावा तीन महिन्यांच्या आत हातात हवा. कुरियरचं ट्रॅकिंग काही काळाने साइटवरून गायब होतं, त्यामुळे त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा.

पार्सल असेल तर डिक्लरेशन कुरियर करतो, पॅलेट असेल तर कस्टम्स एजंट लागतो. पॅलेट लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, म्हणजे किडीसाठी उष्णतेची प्रक्रिया केलेलं लाकूड. शेजारच्या गोदामातून फुकट मिळालेलं पॅलेट वापरायचा मोह होतो. उलटं करून शिक्का बघा.

खाण्याव्यतिरिक्त वस्तू, समजा आकाशकंदील, लाकडी खेळणी, दागिने, यांना १३ डिसेंबर २०२४ पासून ईयूचा जीपीएसआर हा सुरक्षेचा नियम लागलाय आणि त्यात ईयूतली जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी वस्तूवर किंवा पाकिटावर लिहावी लागते. तो नियम नॉर्दर्न आयर्लंडलाही लागू. दिवे असलेल्या कंदिलाला वरून सीई मार्कचं, म्हणजे ईयूच्या सुरक्षेच्या खुणेचं, पण बघा.

७. नॉर्दर्न आयर्लंड

बेलफास्ट यूकेचाच भाग, पण वस्तूंच्या बाबतीत बरेचसे नियम ईयूचे, कारण आयर्लंड बेटावर मध्ये कस्टम्सची चौकी नको असं ठरलं. २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्क या ब्रिटन-ईयू समझोत्याने हे बरंच सैल केलं. घरगुती गिऱ्हाइकाला पार्सल पाठवायला पूर्ण कस्टम्स डिक्लरेशन लागत नाही. दुकानदाराला पाठवणार असाल तर यूकेआयएमएस ही नोंदणी घ्या, त्या नोंदणीमुळे "हा माल ईयूत पुढे जाणार नाही" असं सांगून ड्युटी टाळता येते, आणि एक्सआयने सुरू होणारा ईओआरआय लागतो का ते कुरियरला विचारा. बेलफास्टला पाठवून तिथून गाडीने डब्लिनला न्यायची आयडिया मला तिघांनी दिलीय. रस्त्यात कुणी अडवणार नाही हे खरं, पण कागदावर तुम्ही खोटं लिहिलेलं असेल.

८. पिशवीतून किंवा व्हॅनमधून नेत असाल तर

तिकडच्या मंडळाच्या दिवाळी स्टॉलवर विकायला बॅगेतून चटण्या नेल्या तरी तो धंद्याचाच माल, ईयूत शिरताना जाहीर करावा लागतो, लाल चॅनलमधून जा.

ढोल-ताशा पथकवाल्यांनी विचारलेलं म्हणून लिहिते. ढोल परत आणणार असाल तर ती विक्री नाही. हातात-खांद्यावर नेता येणारी आपापली वाद्यं फारशा कागदाविना जातात, पण व्हॅनभर ढोल मालासारखे पाठवायचे तर एटीए कार्ने, म्हणजे परत आणायच्या मालाचा तात्पुरता कस्टम्स कागद, काढा, चेंबर ऑफ कॉमर्समधून मिळतं, एक वर्ष चालतं. जाताना ब्रिटनचा शिक्का, शिरताना ईयूचा, निघताना परत ईयूचा आणि घरी येताना ब्रिटनचा. परतीच्या रात्री दमून झोपलेल्या गाडीत तिसरा शिक्का राहतो आणि मग ढोल तिकडेच विकले असं धरून ड्युटी मागतात. विकायचे टी-शर्ट आणि वाटायचा प्रसाद कार्नेत बसत नाही.

९. माल परत आला तर

परत आलेल्या स्वतःच्या मालावर ड्युटी-व्हॅट माफ होऊ शकतो, रिटर्न्ड गुड्स रिलीफ म्हणतात, साधारण तीन वर्षांच्या आत आणि वस्तू बदललेली नसेल तर. त्यासाठी मूळ एक्स्पोर्टचे कागद दाखवावे लागतात. माझ्याकडे २०२१ मध्ये त्यातलं काही नव्हतं, फक्त कुरियरची पावती होती आणि तिच्यावर वर्णन काय, तर "होम फूड". व्हॅट भरला. पुढच्या खोक्यापासून वर्णन, कोड, वजन सगळं स्वतः टाइप करते, आणि मेतकुटाला दोन पिशव्या घालते.